पाणी, मीठ आणि विटाळाचे शरीरशास्त्र

शाळेतल्या आरोग्याच्या पुस्तकात पहिला धडा असतो : भरपूर पाणी प्यावे. दुसरा असतो : स्वच्छ राहावे. हे धडे खोटे नाहीत. पण पाणी कोणाच्या विहिरीचे, ते शेंदायचे कोणी आणि दुसऱ्याने वरून ओतेपर्यंत ओंजळ पसरून उन्हात थांबायचे कोणी, हा प्रश्न त्या पुस्तकात कुठेच येत नाही. शरीरशास्त्र शिकवताना शरीर जणू हवेत तरंगत असते. त्याला गाव नसते, वाडा नसतो, पाणवठा नसतो. म्हणून आपल्या माणसांच्या देहाचा इतिहास लिहायचा तर तो शरीरशास्त्राच्या पुस्तकातूनही लिहिता येत नाही आणि केवळ चळवळीच्या इतिहासातूनही लिहिता येत नाही. दोन्ही एकत्र वाचावी लागतात. तसे वाचन करण्यासाठी आजच्या रायगड जिल्ह्याइतकी, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याइतकी, योग्य भूमी दुसरी क्वचितच सापडेल. या एकाच जिल्ह्यात पाण्याचा लढा झाला आणि याच जिल्ह्याच्या खाड्यांवर मीठ पिकत आले. शरीर जिवंत राहते ते मुख्यतः या दोन पदार्थांच्या हिशेबावर.

हा हिशेब आधी समजून घेऊ. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पाण्याचा असतो. साठ किलो वजनाच्या मजुराच्या देहात छत्तीस लिटरच्या आसपास पाणी असते. त्यातले बरेचसे पेशींच्या आत, उरलेले पेशींच्या बाहेर आणि रक्तात. रक्त अवघे पाच लिटर. हे पाच लिटर रक्त मूत्रपिंडांतून पुन्हा पुन्हा फिरते आणि दिवसाकाठी तिथे सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला नव्व्याण्णव टक्के भाग शरीर परत घेते आणि लिटर-दीड लिटर मूत्र म्हणून टाकून देते. रक्तातील क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढले तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागाला ते कळते. तो दोन कामे करतो. घशाला तहान लावतो, आणि पियुषिका ग्रंथीकडून एक संप्रेरक सोडवून मूत्रपिंडाला बजावतो की पाणी धरून ठेव. मूत्र गडद पिवळे होते ते यामुळे. पाणी मिळाले नाही तर रक्ताचे आकारमान घटते, नाडी जलद चालते, डोके दुखते, चक्कर येते, आणि ताण फार वाढला की मूत्रपिंडच काम थांबवते.

आता हा साधा हिशेब घेऊन महाडला जाऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सरकारी खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. या ठरावात पाणवठ्याच्या जोडीला दवाखानाही आहे, ही गोष्ट आपल्या वक्त्यांच्या लक्षात सहसा राहत नाही. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना, चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, ओंजळ झाली नाही. तीन वर्षे त्या तळ्याला एकाही अस्पृश्याने हात लावला नव्हता. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा जमलेल्या हजारो प्रतिनिधींना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, असे बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदले आहे. मंडपाजवळ चार-पाच एकरांचे तळे भरलेले आणि परिषदेच्या हिशेबवहीत पाण्याचा खर्च! चळवळीचा इतिहास सांगताना आपण २० मार्चच्या मिरवणुकीपासून सुरुवात करतो. मला वाटते, सुरुवात या चाळीस रुपयांपासून केली पाहिजे.

त्या दिवशी बाबासाहेब तळ्याची पायरी उतरले, ओंजळभर पाणी प्यायले, मागोमाग शेकडो माणसे प्यायली. पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे : वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा, मंडपात जेवत असलेल्यांवर लाठ्या, आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण. पाण्याच्या एकशेआठ घागरी बाहेर काढल्या आणि शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप यांचे मिश्रण मंत्रांसह तळ्यात सोडले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात परिषद पुन्हा भरवायची तर हिंदूंपैकी कोणी जागा देईना. एका मुस्लिम गृहस्थाने दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला कोर्टात चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालाने, अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही असे ठरवले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे.

हे शुद्धीकरण शरीरशास्त्राच्या बाजूने एकदा नीट पाहिले पाहिजे, कारण आपण त्याची फक्त टिंगल करून सोडून देतो. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू १८८४ साली कलकत्त्यात ओळखला होता. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ सालीच दाखवून दिले होते की पटकी विष्ठा मिसळलेल्या पाण्यातून पसरते. म्हणजे महाडच्या तळ्यात शेण कालवले गेले तेव्हा, पाण्यात विष्ठा कालवणे हेच रोगाचे मूळ, हे ज्ञान जुने झाले होते. महाडात वकील होते, शिकलेले लोक होते. त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण त्यांच्या मनात शुद्धतेची दोन शास्त्रे शेजारी शेजारी सुखाने नांदत होती : दवाखान्यात एक आणि तळ्यावर दुसरे. जनावराची विष्ठा तळे शुद्ध करते आणि माणसाची ओंजळ ते बाटवते, हे मानणारे मन अडाणी नव्हते. ते हिशेबी होते. जंतूला जात नाही हे मान्य केले तर सगळी उतरंड कोसळते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

बाबासाहेबांनी मात्र इथे एक वेगळी गोष्ट सांगितली आणि ती या लेखाच्या आड येते, म्हणून टाळता येणार नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की चवदार तळ्याचे पाणी पिऊन आपण अमर होणार नाही आणि न प्यायल्याने आजवर मेलोही नाही. आपण तळ्यावर जात आहोत ते आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. म्हणूनच त्यांनी डिसेंबरच्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. मग तहानेचे शरीरशास्त्र सांगून आपण लढ्याची उंची कमी करतो काय? मला तसे वाटत नाही. समतेचा हक्क आणि तहान या दोन गोष्टी नाहीत. ज्याला पाणवठ्यावर थांबवून ठेवता येते त्याचा वेळ, त्याची आब आणि त्याचे रक्त, तिन्ही दुसऱ्याच्या मर्जीवर असतात. वाड्यावरच्या बाईने दुपारभर विहिरीपासून दूर उभे राहून कोणी घडा भरून देईल याची वाट पाहायची. त्या पाण्यात स्वयंपाक, पोरांचे पिणे आणि उरले तर अंग धुणे. आणि मग हीच माणसे घाणेरडी म्हणून गावाबाहेर! पाणी नाकारून आधी देह अस्वच्छ करायचा आणि त्या अस्वच्छतेचाच पुरावा काढून पुन्हा पाणी नाकारायचे, असा हा व्यवहार होता. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा त्यांना हे वर्तुळ दिसले होते. मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, त्यामागेही मानाबरोबर आरोग्य होतेच. रोगाने मेलेल्या ढोराचे मांस हा पोटाला मिळालेला वतनाचा हिस्सा होता.

रोगाच्या बाबतीत गावगाड्याची वाटणी तर अधिक उघड होती. पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा. गावाची इडापिडा गाड्यावर घालून वेशीबाहेर ढकलायची आणि वेशीबाहेर कोण राहायचे हे सांगायला नको. मरीआईची सेवा अस्पृश्यांकडे, तिचा कोपही त्यांच्याच वाड्याला आधी. रोगी गावाने आपला रोग बाहेर फेकण्यासाठी एक जागा आणि एक जात राखून ठेवली होती.

या सगळ्याच्या मुळाशी शरीराची एक कल्पना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात समाज एका देहासारखा मांडला आहे : मुखापासून ब्राह्मण, पायांपासून शूद्र. अस्पृश्य तर त्या देहातच नाहीत. हे रूपक रचणाऱ्याला पाय म्हणजे नुसता भार वाहणारा खालचा अवयव वाटला. प्रत्यक्ष देहात तसे नाही. पायांकडे गेलेले रक्त वर हृदयाकडे परत आणायचे तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध न्यावे लागते. हे काम पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून करतात आणि शिरांतल्या झडपा रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. डॉक्टर पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. पहारेकरी तासन्‌तास निश्चल उभा राहिला की घेरी येऊन पडतो, कारण पोटरी चालली नाही आणि डोक्याला रक्त पुरले नाही. (रूपके शरीरशास्त्रावर तपासून घ्यायची नसतात, असे एखादे पंडित म्हणतील. मान्य. पण मग त्या रूपकावर माणसांचे आयुष्यही बेतायचे नव्हते.)

ज्या देशात सुश्रुताने प्रेत पाण्यात कुजवून, थर थर खरवडून आतले अवयव डोळ्यांनी पाहायला सांगितले, त्याच देशात मनूने वैद्याचे अन्न पुवासारखे मानले. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ साली आपल्या पुस्तकात हा विरोध सविस्तर मांडला आहे : वैद्याला रोग्याच्या देहाला, रक्ताला, मळाला हात लावावा लागतो, जात पाळून वैद्यकी होत नाही, म्हणून धर्मशास्त्राने वैद्यच अपवित्र ठरवला. परिणाम काय झाला? प्रेताला हात लावणे विटाळ ठरले आणि शरीराचे प्रत्यक्ष ज्ञान थांबले. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ते सामाजिक धाडस ठरले. ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या मेलेले ढोर ओढले, सोलले, आतडी-काळीज-मूत्रपिंड हातांनी वेगळे केले, त्यांच्याजवळ देहरचनेचे केवढे तरी ज्ञान होते. ते ज्ञान पुस्तकात येऊ शकले नाही, कारण हात एका जातीचे आणि लेखणी दुसऱ्या जातीची.

विटाळ दवाखान्यातही शिरला. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत, इंग्रजीत लिहिलेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात, काठेवाडातील १९२९ सालचा एक प्रसंग नमूद केला आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. बाईला वस्तीबाहेर आणून निजवली. डॉक्टरने तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि त्याच क्रमाने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला आणि न्यूमोनिया झाल्याचे सांगितले. छातीला हात नाही, नाडीला बोट नाही. बाई गेली. पारा ज्या नियमाने वर चढतो तो नियम त्या डॉक्टरने कॉलेजात शिकलेला होता.

देह मोजण्याचे राजकारण इंग्रजांनीही केले. मूळचे महाडजवळच्या रावढळचे आणि सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज तयार केला, तो यासाठी की १८९२ नंतर महारांची सैन्यभरती बंद झाली होती. अमुक जाती लढाऊ, त्यांची हाडे, उंची, रक्त वेगळे. तमुक जाती लढाऊ नव्हेत, असे नवे शास्त्र निघाले होते. पुढे पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा तेच देह चालले, युद्ध संपल्यावर पलटण मोडली गेली आणि १९४१ साली पुन्हा युद्धाच्या रेट्याखाली महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात कोणाच्या हाडांत काही बदल झाला नव्हता. रक्ताबद्दल म्हणाल तर कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ च्या सुमारास रक्तगट शोधले आणि ए, बी, ओ हे गट सर्व जातींत आढळतात. ब्राह्मणाला त्याच्या भावाचे रक्त चालणार नाही आणि मांगाचे चालेल, असे सहज घडते. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक अतिदुर्मिळ गट नोंदवला, तो जगभर ‘बॉम्बे गट’ म्हणून ओळखला जातो. अशा रोग्याला केवळ त्याच गटाचे रक्त चालते. त्याचे नातेवाईक मग दात्याची जात विचारीत बसत नाहीत.

आता मिठाकडे वळू. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या भागांत खाडीच्या काठी खाजणे आणि मिठागरे. भरतीचे पाणी बांधाच्या आत घ्यायचे, उन्हात आटवीत एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचे, शेवटी दाट खारे पाणी तळाशी खडा धरते आणि मग उघड्या पायांनी त्यात उभे राहून ते ओढायचे. आगरी समाजाचे नावच आगरावरून पडले असे मानतात. ज्यांनी मीठ पिकवले त्यांच्या पायांच्या भेगांत ते चरचरत राहिले, आणि १८८२ च्या कायद्याने त्याच मिठावर सरकारचा मक्ता आणि कर बसला. श्रीमंताच्या खर्चात मिठाचा कर दिसतही नाही. गरिबाच्या खर्चात तो दिसतो, कारण शरीराला लागणारे मीठ उत्पन्नावर अवलंबून नसते. उलट उन्हात राबणाऱ्याला ते जास्त लागते : कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि घामाबरोबर मीठही जाते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे मेली. मिठावरचा कर १९४७ साली गेला.

मिठाचा सत्याग्रह आणि पाण्याचा सत्याग्रह यांत तीन वर्षांचे अंतर. एकाची गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात, दुसऱ्याची दोन ओळींत. पहिल्यात समोर परका सरकारी अंमलदार होता, म्हणून सगळा देश एका बाजूला उभा राहू शकला. दुसऱ्यात समोर शेजारी होता. मिठाचे महत्त्व मी कमी करीत नाही. ते तर याच जिल्ह्याच्या मजुराच्या रक्तातले आहे. पण मीठ हातात घेणाऱ्या कितीजणांनी आपल्या गावची विहीर खुली केली, हा प्रश्न विचारल्याशिवाय १९३० चा इतिहास पुरा होत नाही.

पाणी आणि मीठ यांची शरीरातली गाठ कळायला मात्र १९६० साल उजाडावे लागले. १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवले की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषाने आतडे पाणी बाहेर टाकू लागते. तासाला लिटरभर पाणी जाऊन माणूस दिवसभरात मरू शकतो. दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्याच्या पेशीत साखर आणि मिठातला सोडियम एकाच दारातून, जोडीने आत जातात. मीठ आत गेले की पाणी मागोमाग जाते. नुसते पाणी पाजले तर टिकत नाही, नुसते मीठ दिले तर अधिक हगवण. साखर-मीठ-पाणी योग्य प्रमाणात दिले तर पटकी चालू असतानाही आतडे ते शोषून घेते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे मिश्रण कालवले आणि नातेवाइकांच्याच हातांनी रोग्यांना पाजले. जिथे शंभरांतली तीसेक माणसे मरत होती तिथे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. तिथे पाजणारा कोण, याला महत्त्व उरले नाही. हात स्वच्छ आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. आपल्या आया पोर हगवणीने गळाले की भाताच्या पेजेत मिठाचा खडा टाकून पाजीत. भाताच्या पिठुळाचीही आतड्यात साखरच होते, म्हणजे त्या बायांच्या हाती उपाय होता. पुष्कळदा नव्हते ते स्वच्छ पाणी. घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून अंदाजाने मूठभर टाकू नये. आणि निरोगी मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; खारवलेली सुकी मासळी, लोणचे, पापड आणि दुकानातल्या पुड्या मिळून ते प्रमाण कधीच ओलांडले जाते आणि रक्तदाब वाढतो.

निडी हे रेल्वेचे लहानसे स्थानक नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये आहे. या पट्ट्यात पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते आणि पेणच्याच खारेपाटातल्या बाया कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहत आल्या आहेत. रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि कुंडलिकेच्या पाण्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या. चवदार तळ्याच्या वेळी पाणी भरलेले होते आणि माणसांना बंदी होती. आता माणसांना कायद्याने बंदी नाही, घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तळी नावानिशी लिहिलेली आहेत, पण पाणीच दुसरीकडे वळवलेले किंवा नासलेले असते. हे नवे रूप जुन्यापेक्षा सौम्य आहे असे म्हणण्याची घाई मी करणार नाही.

पेण-रोह्याच्या डोंगरवाड्यांतले कातकरी पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. आगीशेजारी, उन्हात, उचल फिटेपर्यंत. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे गेल्या दोन-तीन दशकांत डॉक्टरांना आढळले. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तिशी-चाळिशीत माणूस संपतो. दिवसेंदिवस उन्हात, पुरेसे पाणी आणि विश्रांती न मिळता केलेले कष्ट हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. आपल्या भट्ट्यांवर मूत्रपिंडे कोण तपासतो? कार्यकर्ता दवाखाना उघडू शकत नसेल, पण काही गोष्टी विचारू शकतो. लघवीचा रंग गडद आहे काय? दिवसातून किती वेळा होते? मोकळी जागा नाही म्हणून बाया दुपारभर पाणीच पीत नाहीत, असे तर नाही? पिण्याचे पाणी कामाच्या जागेपासून किती पावलांवर आहे, आणि त्यासाठी काम सोडले तर विटांच्या हिशेबातून काय कापले जाते?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र कलम आले : पाण्याची जागा सोयीची असावी, तिथे मजुरांना समजणाऱ्या भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहिलेले असावे, ती संडास-मुतारीपासून वीस फूट दूर असावी, आणि अडीचशेहून अधिक मजूर असतील तिथे उन्हाळ्यात पाणी गार करून द्यावे. वीटभट्टीवर अडीचशे मजूर एका मालकाच्या वहीत कधीच नसतात. ते मुकादमांच्या वह्यांत दहा-बारा जोडप्यांनी वाटलेले असतात, आणि पाणी प्लास्टिकच्या डब्यात, झोपडीच्या दारात, ज्याचे त्याने आणलेले.